पुलापलीकडची सवारी

सायकलवरून परदेशी जायचा बेत मी शिक्षकांच्या खोलीत बोलून दाखवला, ही पहिली चूक. मनातच ठेवला असता तर तो दोन-चार दिवसांत आपोआप मावळला असता. माझे पुष्कळसे चांगले बेत असेच मावळतात आणि कुणाचं काही बिघडत नाही. पण मधल्या सुट्टीत चहाबरोबर उकडलेलं रताळं खाताना माझ्या तोंडून निघून गेलं, "शनिवारी म्हणतोय सायकलनं म्बालेला जाऊन यावं." खोलीत शांतता पसरली. अशी शांतता आमच्याकडे कुणी गेल्याची बातमी आल्यावर पसरते.

परदेश या शब्दानं कुणी दचकलं नव्हतं. आमच्या बुंगोमाहून निघालं, च्वेलेचा बाजार मागे टाकला, नदीवरचा पूल ओलांडला की केनिया संपतो आणि युगांडा लागतो; म्बाले हे तिकडचं शहर. तिकडे केळी स्वस्त मिळतात आणि निम्म्या गावाची सासुरवाडी तिकडेच आहे, माझीही. लोक दचकले ते सायकलला. आमच्या भागात सायकल म्हणजे टॅक्सी. कॅरियरवर गादी ठोकायची आणि माणूस, बकरी, दुधाचा कॅन, जे येईल ते मागे बसवून न्यायचं. असं करणाऱ्यांना बोडावाले म्हणतात. हौस म्हणून सायकल चालवणारा माणूस आमच्याकडे अजून जन्माला यायचा होता, आणि तो उपमुख्याध्यापकाच्या रूपानं जन्मावा हे कुणालाच पटेना.

"सर, गाडी गेली का?" भूगोलाच्या मुखवानानं आवाज खाली आणून विचारलं.

"गाडी दारात उभी आहे."

"असू दे, असू दे. सांगायचं नसेल तर नका सांगू."

खरं कारण अगदी साधं होतं. माझ्या रक्तात साखर सापडली होती आणि डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं होतं. चालणं मला जमत नाही. चालणाऱ्या शिक्षकाला बुंगोमात दर वळणावर कुणाचा तरी बाप अडवतो आणि मुलगा नापास का झाला ते विचारतो. सायकलवाल्याला कुणी अडवत नाही, असा माझा समज होता.

सल्ले मात्र सगळ्यांनी दिले. मुखवानानं फळ्यावर रस्त्याचे चढउतार काढून दाखवले. त्याच्या आकृतीप्रमाणे जाताना चढ होता आणि येतानाही चढच होता. मुख्याध्यापिकाबाईंनी शाळेचं नाव कुठेही दिसणार नाही असे कपडे घालण्याची विनंती केली. शेजारच्या नान्जालाबाई संध्याकाळी मागच्या दारानं आल्या, कापडाखाली झाकलेली मक्याच्या पिठाची पिशवी माझ्या बायकोच्या हातात ठेवली आणि म्हणाल्या, "खाइन्झा, दिवस काय, येतात नि जातात. मी कुणाला सांगत नाही." दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाल्यानं मला धीर दिला.

सायकल मी सिमियू नावाच्या एका थकलेल्या बोडावाल्याकडून घेतली. काळी, लोखंडी, म्हशीसारखी भक्कम. कॅरियरवर लाल गादी, गादीला सोनेरी झालर आणि मागच्या मडगार्डवर पांढऱ्या अक्षरांत 'देव मालक, मी चालक'. खाइन्झा म्हणाली, गादी काढून टाका. सिमियू म्हणाला, गादी काढली तर सायकलीचा तोल जाईल, तिला सवय आहे. यंत्राच्या बाबतीत बायकोपेक्षा जुन्या मालकाचं ऐकावं असं मला वाटतं, म्हणून गादी राहिली. ही दुसरी चूक, आणि यापुढे मी मोजायचं सोडतो.

शनिवारी पहाटे पिवळं जाकीट, काळा चष्मा आणि हेल्मेट असा जामानिमा करून मी अंगणात उभा राहिलो. खाइन्झानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि एकच गोष्ट बजावली.

"पुलापलीकडे माझं माहेर लागतं. आई वाटेत दिसली तर झुडपात शिरा."

हे ती गमतीनं म्हणत नव्हती. आमच्यात सासू आणि जावई एकमेकांसमोर येत नाहीत. बोलत नाहीत, एका बाकावर बसत नाहीत, एकमेकांच्या तोंडाकडे बघत नाहीत. समोरून सासू आली तर जावयानं रस्ता सोडायचा, आणि रस्ता अरुंद असेल तर शेत धरायचं. आमच्या लग्नाला वीस वर्षं होत आली तरी सासूबाईंचं तोंड कसं आहे ते मला ठाऊक नव्हतं आणि माझं त्यांना. यात राग नसतो, हा मान असतो. तो मोडला तर पुरुषाचं कसंबसं निभावतं, पण म्हाताऱ्या बाईला गावात मान वर करून चालता येत नाही.

रस्त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. पहिल्या चढावर मला कळलं की मुखवानाला भूगोल येतो. दुसऱ्या चढावर माझा एक जुना विद्यार्थी, आता लाकडाचा ठेकेदार, समोरून ट्रक घेऊन आला. ट्रक थांबवून उतरला, माझा हात दोन्ही हातांत घेऊन म्हणाला, "सर, शाळेतून काढलं का?" मी नाही म्हणालो. "तेच म्हणतो मी. काढलं तरी तुम्ही कष्टाची लाज बाळगत नाही, हे मी माझ्या कामगारांना सांगणार आहे." त्यानं कामगारांना तिथंच, माझ्यासमोर, सांगितलं. ट्रकमधल्या माणसांनी टोप्या काढल्या. सायकलवाल्याला कुणी अडवत नाही हा समज तिथं संपला.

च्वेलेला पोहोचेपर्यंत ऊन चढलं होतं. बाजाराच्या तोंडाशी एका झाडाच्या सावलीत मी सायकल थांबवली, एक पाय जमिनीवर टेकला आणि दम खात उभा राहिलो. ती सावली बोडावाल्यांच्या रांगेच्या पुढ्यात होती आणि एक पाय टेकून उभं राहणं हीच सवारी घ्यायला तयार असल्याची खूण, हे मला ठाऊक असायला हवं होतं. इतकी वर्षं मी हे गाडीच्या काचेतून रोज पाहत आलो आहे. पण स्वतःच्या दमापुढे माणसाला रीतभात सुचत नाही.

एकाएकी सायकल मागून दबली. गादीवर कुणीतरी आडवं बसलं होतं. वळून पाहिलं तर भली मोठी काळी छत्री, छत्रीखाली कांद्याचं पोतं, आणि पोत्यामागून एका म्हातारीचा खणखणीत आवाज.

"चल रे बाळा, पुलापलीकडे."

"मावशी, गैरसमज होतोय. मी उपमुख्याध्यापक आहे."

"हो का? गेल्या बाजाराला मला नेलं तो बिशपचा भाऊ होता. चल, ऊन वाढतंय."

मी पुढे काही बोलणार तेवढ्यात मागची बोडावाल्यांची रांग जागी झाली. "ए पिवळ्या, रांग मोडतोस?" असं ओरडत त्यातला एक जाडजूड माणूस सायकल टाकून माझ्याकडे यायला लागला आणि त्याच्यामागे आणखी दोघे निघाले. अशा वेळी स्वतःची ओळख पटवून द्यावी की पळावं, हा प्रश्न शिकलेल्या माणसाला फार वेळ पडत नाही. मी पायडल मारलं. छत्री, कांदे आणि म्हातारी यांच्यासह मी बाजारातून ज्या वेगानं बाहेर पडलो तो वेग नंतर मला कधी साधला नाही.

धोका टळल्यावर म्हातारीला उतरवावं असा विचार आला. पण आजूबाजूला ना सावली ना दुसरी सायकल. भर उन्हात कांद्याच्या पोत्यासह आईच्या वयाच्या बाईला रस्त्यावर सोडून जाणारा माणूस आमच्याकडे पुढच्या गावात टिकत नाही. शिवाय, खरं सांगतो, वजन मागे आल्यापासून सायकल सरळ चालत होती. सिमियूचं बरोबर होतं.

म्हातारी बोलकी होती. आधी कांद्यावर बोलली, मग पावसावर, मग माझ्यावर.

"नवा दिसतोस धंद्यात. घोरल्यासारखा श्वास घेतोस."

"हो मावशी."

"बायको आहे?"

"आहे."

"तिच्या आईची बकरी दिलीस का?"

मी म्हटलं, बघू, देऊ. इतक्या वर्षांनी सासू-जावयातला पडदा उठवायचा तर आमच्यात एक रीत आहे. जावयाकडून बकरी जाते, सासूकडून कांबळं येतं, दोघं सगळ्यांसमोर हातात हात देतात, आणि मग सासूला मुलीच्या घरात पाऊल टाकता येतं. त्याआधी नाही.

"देऊन टाक," म्हातारी म्हणाली. "माझ्या जावयाचंच बघ ना. तिकडे बुंगोमाला मोठा माणूस आहे. शाळेत. मुख्याध्यापकाच्या खालचा. गाडी आहे त्याला. पण त्याच्या घरचे म्हणतात आधी तुमचं कांबळं येऊ दे, आणि आमचे म्हणतात आधी त्यांची बकरी येऊ दे. बसलेत दोन्हीकडचे, मानपान करत. माझी खाइन्झा मला बाजारात भेटते. कांद्याच्या पोत्यावर बसून आम्ही मायलेकी बोलतो आणि उठून जातो."

सायकल रस्ता सोडून खड्ड्यात गेली आणि परत वर आली. ती कशी वर आली ते मला आठवत नाही.

"नीट चालव की," सासूबाई म्हणाल्या.

माझी काय अवस्था झाली हे वर्णन करून सांगण्यासारखं नाही. एका बाकावर बसायची बंदी, आणि इथं माझ्या पाठीपासून वीतभर अंतरावर सासूबाई बसल्या होत्या, त्यांचा कांदा माझ्या कमरेला टोचत होता. थांबलो तर त्या उतरणार, उतरल्या तर पुढे येऊन तोंड बघणार. पळून गेलो तर कांदे आणि म्हातारी रस्त्यावर. म्हणून मी पायडल मारत राहिलो. मान ताठ, नजर पुढे. सगळा विचार एकच. पूल ओलांडायचा, त्यांच्या वाटेच्या फाट्याशी मागे न बघता थांबायचं, त्या उतरल्या की निघून जायचं. त्यांना आयुष्यात कधी कळू द्यायचं नाही.

"डोळ्यांत पडदा येतोय माझ्या," सासूबाई मागून सांगत होत्या. "डॉक्टर म्हणतो वाढत जाणार. मला दुसरं काही बघायचं नाही. लेकीची चूल कुठल्या बाजूला आहे, खिडकी कुठं आहे, ती निजते कुठं, एवढं बघायचं होतं. पण हे मी कुणाला म्हणू? जावयाशी बोलता येत नाही. भावांना म्हटलं तर म्हणतील, म्हातारीला घाई झाली. तुला सांगते, कारण तू कोण कुठला."

मी हो म्हणालो. आवाज जरा बदलून म्हणालो, पण तो आपोआपच बदलला होता. मला फार वाईट वाटत होतं आणि वळून बघायचीही सोय नव्हती.

पूल आला. केनियाच्या बाजूला आम्हाला हातानंच पुढे जा म्हटलं, रोजच्या सायकलींकडे तिथं कोण बघतो. युगांडाच्या बाजूला मात्र साहेब बाहेर आला. तो पार पश्चिमेकडचा, लांब शिंगांच्या गाईंच्या मुलखातला, आमच्याकडे नुकता आलेला. त्याला माझं हेल्मेट दिसलं.

"हेल्मेटवाला बोडा मी पहिल्यांदाच पाहतोय. कोण तुम्ही?"

"प्रवासी," मी पुटपुटलो.

"आणि मागे?"

छत्रीखालून उत्तर गेलं, "सवारी आहे मी साहेब, रोजची."

साहेबाचा चेहरा गंभीर झाला. "हे बघा, तिकडची सायकल इकडे भाड्याची सवारी घेऊन येत नाही. नियम आहे. भाड्याची असेल तर सायकल इथं जमा. घरचं माणूस असेल तर खुशाल जा. बोला, सवारी की घरचं माणूस?"

मी आजूबाजूला पाहिलं. पुलाच्या तोंडाशी छोटा बाजार भरतो. टोमॅटोवाल्या, केळीवाल्या, चपाती लाटणारे, सगळे आमच्याच लोकांतले, आणि सगळ्यांचे कान आमच्याकडे. घरचं माणूस म्हणालो तर पुढचा प्रश्न ठरलेला, कोण लागतात? माझी सायकल गेली तरी मला पायी घरी जाता येत होतं. सासूबाईंना मात्र याच बाजारात दर आठवड्याला बसायचं होतं.

"सवारी," मी म्हणालो. "सायकल जमा करा."

इथं विषय संपायला हरकत नव्हती. पण साहेब कामाचा चोख. त्यानं माझं ओळखपत्र मागितलं, उन्हात धरलं आणि वर्गात हजेरी घेतात तशा स्वरात वाचलं, "कुंदु सिताती. बुंगोमा."

मागची गादी हलली. पोतं जमिनीवर उतरल्याचा आवाज आला. मग पावलं चार हात लांब गेली आणि थांबली. मी मान वळवली नाही. चपात्या लाटायचं लाटणंही थांबलं होतं.

"सायकल," सासूबाईंचा आवाज आला. "ए सायकल, ऐकतेस का?"

साहेबानं सायकलीकडे पाहिलं.

"साहेबांना सांग, तुला जमा करायचं कारण नाही. सवारी नव्हे. ही म्हातारी तुझ्या मालकाच्या बायकोची आई आहे. नांबोझो माझं नाव. इथं सगळे ओळखतात."

टोमॅटोवाल्यांनी पाठी फिरवल्या. केळीवालीनं डोक्यावरून कापड ओढलं. एक म्हातारा गृहस्थ टोपी काढून नदीकडे बघत उभा राहिला. भर बाजारात, स्वतःच्या तोंडानं, माझ्या सायकलीपायी त्यांनी हे सांगितलं होतं.

"सासू?" साहेब म्हणाला. "मग त्यात काय एवढं. नमस्कार करा आणि जा."

सगळ्या बाजारानं एकदम सुस्कारा सोडला. साहेबाला आमच्या भागात रुळायला अजून वेळ होता.

आता एका सायकलीवर बसायचा प्रश्नच नव्हता. मी कांद्याचं पोतं गादीवर बांधलं आणि सायकल ढकलत चढाला लागलो. सासूबाई मागून येत होत्या, मध्ये पाच-सहा केळीच्या झाडांइतकं अंतर. म्बाले तिथंच राहिलं. पहिला चढ संपला. मग मी घसा साफ केला.

"सायकल, त्यांना सांग, मला माहीत नव्हतं. च्वेलेत तर नव्हतंच."

"सायकल, त्याला विचार, मग कळलं कधी?"

"सायकल, सांग त्यांना. खड्ड्यात गेलो तेव्हा."

मागून एक आवाज आला, तो हसण्याचा होता की खोकण्याचा ते मला ठरवता आलं नाही.

"सायकल, म्हणजे मी बोलले ते त्यानं सगळं ऐकलं."

"सायकल, ऐकलं. आणि बरं झालं ऐकलं. बकरी पुढच्या रविवारी येईल. कांबळ्याची वाट बघणार नाही."

"त्याला म्हणावं, एक नव्हे. चूक माझीही आहे, मी न विचारता बसले. एक बकरी त्याची, एक माझी. आता आधी कुणाची, हे विचारायला कुणाला तोंड राहिलं नाही."

हे खरं होतं. वीस वर्षं दोन्हीकडचे मामा-काका ज्या मानासाठी अडून बसले होते, तो आम्ही दोघांनी मिळून भर पुलावर मोडला होता. मान मोडला की दोघांनी एकेक बकरी देऊन शुद्ध व्हायचं असतं; आता नुसता त्या शुद्धीचा प्रश्न होता, आणि शुद्धीला आमच्यात कुणी आडवं येत नाही. तरी बैठक बसलीच. माझ्या थोरल्या काकांचं म्हणणं, सीट आणि कॅरियर या दोन वेगळ्या जागा, म्हणून एका आसनावर बसल्याचा दोष लागत नाही. सासूबाईंच्या भावाचं म्हणणं, चाकं दोघांना मिळून होती. छत्री ही भिंत धरावी की नाही यावर जेवायची वेळ टळून गेली. शेवटी बकऱ्या ओरडायला लागल्या आणि निकाल लागला.

घरी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा खाइन्झा हसता हसता स्वयंपाकघरात खालीच बसली. "कांदा कमरेला टोचला?" एवढंच पुन्हा पुन्हा विचारत होती. मग तशीच बसल्या बसल्या रडली. मी तिच्याजवळ बसलो.

ठरल्या दिवशी सासूबाई आल्या. माझ्या खांद्यावर कांबळं पडलं, दोन्हीकडच्या लोकांसमोर आम्ही हातात हात दिला, पण रीतीप्रमाणे मान दोघांचीही खालीच होती. मग त्या उंबरा ओलांडून आत गेल्या. खाइन्झाचा हात धरून त्यांनी अख्खं घर पाहिलं. चुलीच्या कडेवरून हात फिरवला, खिडकी उघडून लावली, निजायच्या खोलीत गादी दाबून बघितली, पिठाचा डबा उघडून वास घेतला. शेजारच्या नान्जालाबाई दारातून पाहत होत्या. आम्ही सगळे बाहेर उभे; आतलं हे सगळं खाइन्झानं नंतर सांगितलं. बऱ्याच वेळानं सासूबाई बाहेर आल्या, सरळ माझ्यासमोर येऊन थांबल्या, डोळे बारीक करून तोंड अगदी माझ्या तोंडाजवळ आणलं आणि मला नीट, सावकाश न्याहाळलं. मीही पाहिलं. खाइन्झाची हनुवटी त्यांच्यावरून आली आहे. वीस वर्षांत सासूबाई माझ्याशी समोरासमोर पहिलं वाक्य बोलणार होत्या आणि सगळं अंगण कान देऊन उभं होतं.

"मला वाटलं होतं," त्या म्हणाल्या, "तुम्ही उंच असाल."